शाकारणारे हात

वैशाख सरत आला आणि पश्चिमेकडे ढग दिसू लागले, की नाशिक शहरात व जिल्ह्यात छपरावर चढणाऱ्या माणसांचा शोध सुरू होतो. जुन्या वाड्यांची कौले परतायची असतात, कारखान्यांच्या शेडांचे गळके पत्रे बदलायचे असतात, अर्धवट उभ्या असलेल्या इमारतींचे स्लॅब मृगापूर्वी टाकून व्हायचे असतात. या सर्व कामांना लागणारा जाणता कारागीर मात्र मागणीच्या मानाने फारच थोडा असतो. मग एका कामावरचा मिस्त्री दुसरा ठेकेदार जास्त रोजाचे आमिष दाखवून उचलतो, पहिल्याचे काम अर्ध्यावर राहते आणि पावसाची पहिली सर आली की घरमालक, ठेकेदार व कामगार एकमेकांना दोष देऊ लागतात. हा प्रकार इतक्या वर्षांचा आहे की तो ऋतुचक्राचाच एक भाग मानला जातो. सिंहस्थाने त्याला वेगळे गांभीर्य आणले. ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ध्वजारोहण आणि २ ऑगस्ट २०२७ रोजी पहिले अमृतस्नान, असे २०२५ च्या जून महिन्यात जाहीर झाले आणि घाट, पूल, रस्ते व निवारे यांच्या कामांची भर नेहमीच्या बांधकामात पडली. सरकारी कामाची मुदत वाढवून घेण्याची आपल्याकडे रूढ पद्धत आहे. परंतु ग्रहगतीने ठरलेल्या पर्वणीला मुदतवाढ मिळत नाही. अशा वेळी ‘माणसे मिळत नाहीत’ हे ठेकेदारांचे गाऱ्हाणे अधिक मोठ्या आवाजात ऐकू येणे स्वाभाविक आहे. हे गाऱ्हाणे खोटे नाही. मात्र ते जेथे थांबते तेथून पुढे खरा प्रश्न सुरू होतो.

नाशिक जिल्ह्यात छपराचा विचार पावसाच्या मापाने झालेला आहे. पश्चिमेस इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. पूर्वेस येवल्याकडे तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास राहतो. शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या अंतरात एवढा फरक असल्यामुळे पश्चिमेच्या घरांना गवताचे अथवा कौलांचे तीव्र उताराचे छप्पर आले, तर पूर्वेकडे सपाट धाब्याची घरे बांधली गेली. नाशिकच्या गोदाकाठच्या वाड्यांवर आधी हातघडणीची नळीची कौले होती. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढल्यानंतर तेथील चपटी, खाचेत बसणारी कौले हळूहळू पश्चिम भारतात सर्वत्र पसरली आणि नाशिकच्या छपरांवरही आली. या प्रत्येक छपराचे तंत्र वेगळे आणि ते जाणणारा माणूसही वेगळा. आढ्यापासून वळचणीपर्यंत वासे किती अंतराने घ्यावे, रिपांची ओळ कशी धरावी, पाख्याचा उतार किती ठेवावा, धाब्यावरील खारी मातीचा थर केव्हा नवा करावा, याचे गणित कोणत्याही पुस्तकात नव्हते. ते बापाकडून मुलाकडे आणि वस्तादाकडून शागिर्दाकडे जात होते. घर शाकारणे हे क्रियापद मराठीत आजही आहे. ते काम चोख करणारे हात मात्र प्रत्येक पावसाळ्यागणिक कमी होत आहेत.

काळाबरोबर छप्पर बदलले, म्हणून कसब निरुपयोगी झाले असा समज मात्र पसरला आहे. कौलांची जागा स्लॅबने आणि पत्र्याने घेतली. आता जाणत्या कारागिराची गरज उरली नाही, चार बिगारी आणि एक मुकादम असला की भागते, असे मानले जाऊ लागले. वस्तुतः स्लॅबच्या कामातील चूक कौलाच्या कामातील चुकीपेक्षा कितीतरी महाग पडते. कौल सरकले तर घर गळते. टेकू चुकला तर ओला स्लॅब माणसांसह खाली येतो. भारतीय मानक संस्थेच्या २००० सालच्या काँक्रीटविषयक संहितेनुसार साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे किमान १४ दिवस काढावयाचे नसतात. पुढच्या कामाला फळ्या व टेकू हवेत म्हणून ते आधीच काढण्याचा मोह ठेकेदारास होतो. तेव्हा ‘आज काढता येणार नाहीत’ असे ठामपणे सांगणारा सेंटरिंगचा मिस्त्री ही त्या इमारतीची पहिली सुरक्षितता असते. पत्र्याचेही तसेच आहे. पत्र्याचा बोल्ट पन्हळीच्या माथ्यावर घ्यावा लागतो, खोलगट भागात घेतला तर भोकातून पाणी उतरते. आणि पत्र्यांचे जोड पावसाळी वाऱ्याला पाठ करून द्यावे लागतात. ही साधी पथ्ये न पाळलेली शेड पहिल्याच आषाढात आपली कहाणी सांगते. स्लॅबवरच्या जलरोधक थराचा उतार दोन बोटे चुकला तर वरच्या मजल्याचा रहिवासी आयुष्यभर छताकडे पाहून नशिबाला बोल लावतो. थोडक्यात, छपराचे काम सोपे झालेले नाही. ते सोपे झाले, असे समजून त्यासाठी माणसे घडविणे आपण सोडून दिले आहे.

माणसे घडविली जात नसतील तर ती मिळविली कशी जातात, हे पाहिले म्हणजे टंचाईचे मूळ उलगडते. मोठ्या कामाचा ठेका एकाकडे असतो. तो सेंटरिंग एकाला, सळई दुसऱ्याला, काँक्रीट तिसऱ्याला उक्ते देतो. हे पोटठेकेदार आपापल्या मुकादमांना सांगतात. मुकादम उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, बंगाल किंवा ओडिशातील आपल्या गावाकडून टोळी आणतो. त्या टोळीला निघताना उचल दिलेली असते. ती फिटेपर्यंत कामगार बांधलेला राहतो. टोळी अपुरी पडली की सकाळी नाक्यावर जाऊन उरलेली माणसे गोळा केली जातात. नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाचे कसब तपासण्याचे कोणतेही साधन तेथे नसते. हातातील थापी किंवा करवत पाहून आणि दोन प्रश्न विचारून सौदा ठरतो. मालक ज्याला पैसे देतो आणि छपरावर जो चढतो, त्यांच्यामध्ये अशा रीतीने तीन-चार पायऱ्या असतात. प्रत्येक पायरीवर थोडा नफा राहतो आणि थोडी जबाबदारी गळते. शेवटच्या पायरीवर जबाबदारी घेणारा कोणीच उरत नाही. या व्यवस्थेत कारागीर विकत घेता येतो, पण तो तयार होण्याची सोय नाही. पूर्वी मिस्त्रीच्या हाताखाली पोरगा चार-पाच वर्षे राहत असे. आता मिस्त्रीच कोणत्या कामावर चार महिने टिकत नाही. त्याच्या हाताखालचा पोरगा कोठे टिकणार?

ही इमारत किती ठिसूळ पायावर उभी आहे, हे २०२० साली सगळ्या देशाने पाहिले आणि नाशिकने ते फार जवळून पाहिले. टाळेबंदीत काम थांबले, उचल संपली, खोलीभाडे थकले आणि मुंबई-आग्रा महामार्गावरून माणसांचे तांडे घराकडे चालू लागले. स्थलांतरित मजुरांसाठी १ मे २०२० रोजी ज्या पहिल्या श्रमिक विशेष गाड्या जाहीर झाल्या, त्यांत नाशिकहून भोपाळला व लखनौला जाणाऱ्या गाड्यांचा समावेश होता. नाशिकरोडहून त्या गाड्या सुटल्या तेव्हा शहरातील बांधकामांवरचे हातच एका अर्थाने निघून गेले. पुढे कामे सुरू झाल्यावर देशातील काही बांधकाम कंपन्यांनी विमानाची तिकिटे काढून कारागीर परत आणले. ज्यांना अडचणीच्या दिवसांत पंधरा दिवसांचा शिधा देणे अनेकांना जमले नव्हते, त्यांच्यासाठी विमानाचे भाडे परवडले, या एका गोष्टीत कुशल हाताची खरी किंमत कळून आली. परंतु त्यातून घ्यावयाचा धडा मात्र घेतला गेला नाही. माणसे परत आली आणि तेच मुकादम, तीच उचल व तेच नाके पुन्हा सुरू झाले.

दरम्यान नाशिकच्या ठेकेदाराला मुंबई-पुण्याच्या पलीकडचे स्पर्धक निर्माण झाले आहेत. २०२४ च्या आरंभी इस्रायलमधील बांधकामांसाठी हरियाणा व उत्तर प्रदेशात भरती झाली. त्यांना हवे होते सेंटरिंगचे सुतार, सळई वाकविणारे, फरशी बसविणारे आणि गिलावा करणारे. दरमहा वेतन सुमारे १ लाख ३७ हजार रुपये जाहीर झाले आणि युद्धाच्या छायेतील त्या देशात जाण्यासाठी माणसांच्या रांगा लागल्या. ही तीच माणसे, ज्यांच्यातून नाशिकच्या इमारतींचे सेंटरिंगवाले येतात. त्याच वर्षी फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला आणि पहिल्या टप्प्यात १० हजार कुशल तरुण तेथे पाठविण्याचे ठरविले. परदेशी जाऊन चार पैसे मिळविण्याचा मराठी तरुणाचा हक्क कोणी नाकारू नये. मात्र त्या देशाला आपल्या माणसांची गरज लागूनही तो त्यांना सरळ छपरावर चढवीत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. जर्मनीत छपराचे काम हा स्वतंत्र, नाव असलेला व्यवसाय आहे. तो शिकण्यास साधारण तीन वर्षे लागतात. त्यांतील काही काळ शाळेत व बराचसा काळ प्रत्यक्ष कामावर जातो, या काळात विद्यावेतन मिळते, आणि स्वतःचा धंदा थाटावयाचा तर सर्वसाधारणपणे त्यापुढची उस्तादाची परीक्षा द्यावी लागते. एवढी व्यवस्था असूनही त्या देशाला हात कमी पडतात. येथे तर व्यवस्थाच नाही. मग टंचाईचे आश्चर्य का वाटावे?

व्यवस्था का उभी राहिली नाही, याचे उत्तर ठेकेदाराच्या दुष्टपणात शोधणे सोपे, पण अपुरे आहे. समजा, एखाद्या प्रामाणिक ठेकेदाराने पाच पोरे हाताशी धरली, त्यांना वर्षभर शिकविले, त्या काळातील नासधूस सोसली, त्यांना रोजही दिला. वर्षअखेर ती पोरे तयार झाली की शेजारचा ठेकेदार रोजामागे शंभर रुपये अधिक देऊन त्यांना घेऊन जातो. शिकविण्याचा खर्च पहिल्याचा, फायदा दुसऱ्याचा. दुसऱ्या वर्षी पहिला ठेकेदारही शिकविणे सोडतो आणि शेजाऱ्याच्या माणसांवर डोळा ठेवतो. प्रत्येकाने स्वतःपुरते शहाणपण केले आणि सर्वांचे मिळून नुकसान झाले, अशी ही अवस्था आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने ३० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर उमेदवार घेण्याची सक्ती केली आहे. परंतु दहा-बारा माणसांच्या पोटठेक्यांत चिरफाळलेल्या या धंद्याला ती सक्ती क्वचितच पोचते. ज्या अडचणीतून एकटा ठेकेदार सुटू शकत नाही, तिच्यातून सर्व ठेकेदारांनी व शासनाने एकत्र येऊनच सुटावे लागेल.

‘इथली माणसे हे काम करीतच नाहीत’ हा या चर्चेतला ठरलेला आक्षेप असतो. त्याच्या मागोमाग परप्रांतीयांविषयीचा राजकीय वाद येतो आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो. वास्तविक पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांतील आदिवासी कुटुंबे भाताची कापणी संपली की कामासाठी घर सोडतात. काही निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत जातात, काही नाशिकच्या बांधकामांवर येतात. या माणसांनी स्वतःची घरे पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या हातांनी बांधली व शाकारली आहेत. उंचीची भीती, लाकडाची पारख, पावसाचा अंदाज यांपैकी कोणतीही गोष्ट त्यांना नव्याने शिकवावी लागणार नाही. तरी शहरात आल्यावर त्यांच्या वाट्याला वाळू चाळणे आणि घमेली वाहणे येते. वीस वर्षे बांधकामावर राबलेला माणूस बिगारी म्हणून येतो आणि बिगारी म्हणूनच परततो; त्याला वरची पायरी दाखविणारा कोणी नसतो. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची वाट देशाला दाखविली, याचा अभिमान योग्यच आहे. परंतु त्या योजनेने माणसाला अकुशल काम दिले. अकुशलाला कुशल करण्याची हमी राज्याने कधी दिली नाही. टंचाई आहे असे म्हणणारे शहर आणि काम नाही म्हणून गाव सोडणारे तालुके एकाच जिल्ह्यात, दोन-तीन तासांच्या अंतरावर आहेत. या दोहोंमध्ये पूल बांधला तर परप्रांतातून आलेल्या कारागिराचे काहीच बिघडत नाही. उलट शिकविणारा उस्ताद बहुधा तोच असेल. बिहारचा मिस्त्री आणि पेठचा उमेदवार एका फळीवर उभे राहिले, तर प्रांतवादाच्या भाषणांपेक्षा दोघांचेही अधिक भले होईल.

भरतीच्या चर्चेत एक विषय सहसा निघत नाही, तो मृत्यूचा. छपराचे काम हे जगात सर्वत्र सर्वांत धोक्याच्या कामांत मोडते. जुना सिमेंटचा पत्रा वरून भक्कम दिसतो आणि पाय पडताच फुटतो. कारखान्याच्या शेडची दुरुस्ती करताना पत्रा फुटून कामगार खाली कोसळल्याची चार ओळींची बातमी औद्योगिक वसाहती असलेल्या कोणत्याही शहरातील वाचकाने वाचलेली असते. बांधकाम कामगारांसाठी १९९८ साली जे केंद्रीय नियम झाले, त्यांत उतरत्या छपरावरील कामासाठी स्वतंत्र तरतूद होती. पत्र्यावर भार विभागला जावा म्हणून सरपटण्याच्या फळ्या वापराव्यात, असे तीत सांगितले होते. फळीची किंमत ती काय? परंतु ती आणण्यात, बांधण्यात आणि हलविण्यात अर्धा दिवस जातो आणि उक्त्या कामात अर्ध्या दिवसाची किंमत माणसाच्या जिवापेक्षा जास्त धरली जाते. ज्या घरातील कर्ता छपरावरून पडला, त्या घरातील मुलगा त्या धंद्यात येत नाही. त्या गावातील इतर मुलेही येत नाहीत. ‘नव्या पिढीला कष्ट नकोत’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की नव्या पिढीला कष्टांपेक्षा बेवारशी मरणाची भीती अधिक वाटते. मोबाइलवर निरोप आला की घरोघर खाणे पोचविणारा तरुण उन्हातान्हात, वाहनांच्या गर्दीत राबतोच; त्याला कष्टांचे वावडे नाही. सुरक्षेची दोरी, जाळी आणि फळी या खर्चाच्या बाबी समजल्या जातात. खरे पाहता भरतीची सर्वांत परिणामकारक जाहिरात त्याच आहेत.

उपायांसाठी नवा पैसा शोधण्याची गरज नाही, ही या प्रश्नातील त्यातल्या त्यात समाधानाची बाजू आहे. १९९६ साली संसदेने बांधकाम कामगारांसाठी दोन कायदे केले आणि बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर सुरू झाला. पन्नास कोटींच्या इमारतीमागे पन्नास लाख रुपये, असा हा हिशेब आहे. महाराष्ट्रात त्यासाठी कल्याणकारी मंडळ आहे. देशभर या उपकराचे हजारो कोटी रुपये खर्चाविना पडून राहिल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या मार्चमध्ये राज्यांच्या कारभारावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. त्यानंतर वाटपाचा वेग वाढला. सुरक्षा संच, भांड्यांचे संच, मध्यान्ह भोजन यांवर पैसा गेला. गरजू कुटुंबास भांडी मिळाली याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. परंतु ज्या धंद्यातून हा पैसा येतो, त्या धंद्याचे कसब टिकविण्यासाठी त्यातील ठळक वाटा कधी राखून ठेवला गेल्याचे दिसले नाही. शिवाय मंडळाकडे नोंद होण्यास वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. चार ठेकेदारांकडे चार महिने राबलेल्या माणसाला तो दाखला द्यावयास कोणीच पुढे येत नाही, कारण सही केली की जबाबदारी आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि हे जुने कायदे त्यांत सामावले गेले. संहितेचे नाव बदलल्याने नाक्यावरच्या माणसाची सकाळ बदलत नाही. ती बदलावयाची तर नोंद, शिक्षण आणि ठेक्याच्या अटी या तीन ठिकाणी हात घालावा लागेल.

नोंदीच्या बाबतीत महाराष्ट्राला बाहेर पाहण्याची गरज नाही. १९६९ साली या राज्याने माथाडी कामगारांचा कायदा केला. हमाल हा नाक्यावरच्या मजुराइतकाच फिरता, इतकाच अनाथ होता. त्याला कायमचा मालक मिळवून देणे शक्य नव्हते. म्हणून मालक आणि कामगार या दोघांचीही मंडळाकडे नोंद झाली, मजुरी व लेव्ही मंडळात भरली जाऊ लागली आणि मालक रोज बदलला तरी कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी, रजा व बोनस त्याच्या खात्यावर साठत राहिला. पुढे या मंडळांविषयीही तक्रारी झाल्या, त्यांच्या नावाखाली दांडगाईही झाली; ते दोष टाळून मूळ कल्पना घेण्यास हरकत नसावी. नाशिकसारख्या शहरात सेंटरिंग, पत्रे, कौले व जलरोधन या चार कामांच्या कारागिरांपुरता हा प्रयोग करता येईल. कामगाराचे कसब कोणत्या दर्जाचे, त्याने कोठे किती दिवस काम केले, याची हजेरी एका ठिकाणी राहिली तर ९० दिवसांचा दाखला आपोआप तयार होईल, ठेकेदाराला माणूस पारखून मिळेल आणि मुकादमाच्या उचलीचा फास सैल होईल.

शिक्षणाचा विचार करताना मोठ्या इमारती आणि फलक यांचा मोह टाळावयास हवा. ग्रामीण घरकुल योजनेत गवंड्यांना प्रत्यक्ष घर बांधता बांधता ४५ दिवसांचे शिक्षण देण्याची पद्धत सुरू झाली. शिकणाऱ्याचे शिक्षण होते आणि एका कुटुंबाचे घरही उभे राहते. तीच पद्धत छपराच्या कामाला लागू पडेल. जिल्ह्यातील शाळांची, आश्रमशाळांची आणि आरोग्य केंद्रांची छपरे दरवर्षी दुरुस्तीस येतात. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत जाणत्या मिस्त्रीच्या हाताखाली पाच-पाच उमेदवार देऊन ती कामे केली, उस्तादाला शिकविण्याचे वेगळे मानधन व उमेदवाराला रोज उपकराच्या निधीतून दिला, तर शिकविण्याचा तोटा कोणा एका ठेकेदाराच्या अंगावर पडणार नाही. अक्षरओळख नसलेल्या, परंतु तीस वर्षे छपरावर काढलेल्या माणसाला ‘शिक्षक’ म्हणून मान देणे आपल्या शिक्षणखात्याला अवघड वाटेल. पण ते केल्याशिवाय ही विद्या वाचणार नाही.

तिसरी गोष्ट ठेक्याच्या अटींची. शहरातील सर्वांत मोठा गिऱ्हाईक शासन, महापालिका आणि त्यांचे विभाग हेच असतात. सर्वांत कमी दर देणाऱ्याला काम, ही पद्धत जोवर आहे, तोवर फळी, जाळी आणि उमेदवार यांवर खर्च करणारा ठेकेदार निविदेतच हरणार. यासाठी सुरक्षेचा खर्च दरपत्रकातून वेगळा काढून तो स्पर्धेबाहेर ठेवावा, कामावरील ठरावीक हिस्सा उमेदवारांचा असावा आणि तो नसल्यास देयक रोखावे, अशा अटी घालता येतात. पर्वणीच्या घाईत हे शक्य नाही, असे म्हटले जाईल. घाईच्या कामांतच अपघात होतात आणि घाईच्या कामांतच पैसाही असतो. म्हणून आरंभ तेथूनच होणे इष्ट. प्रत्येक बारा वर्षांनी येणाऱ्या मेळ्याने शहराला रस्ते आणि पूल मिळतात. त्यांच्याबरोबर दोन-चारशे घडलेले कारागीर मागे राहिले, तर पुढच्या बारा वर्षांची ती अधिक टिकाऊ मिळकत ठरेल.

यामुळे बांधकाम महागेल, हा आक्षेप शेवटी उरतो. काही अंशी ते महागेल, हे कबूल केले पाहिजे. परंतु आज जे स्वस्त दिसते त्याचा उरलेला खर्च कोणीतरी भरतच असतो. गळक्या सदनिकेचा मालक दरवर्षी जलरोधनवाल्याला देतो, कारखानदार भिजलेल्या मालापायी सोसतो, आणि सर्वांत मोठा भरणा छपरावरून पडलेल्या माणसाची बायको करते. तिचा हिशेब मात्र कोणत्याही अंदाजपत्रकात येत नाही. यंत्रे आली की माणसांची गरज संपेल, असा एक दिलासाही दिला जातो. अॅल्युमिनियमचे साचे आले आहेत, कारखान्यात तयार झालेली छपरे येत आहेत. त्यांनी माणसे कमी लागतील. पण जी लागतील ती अधिक जाणती लागतील. मजला मजल्यावर चढविणारा साचा चुकीच्या हातात गेला तर एकाच्या जागी वीस घरांचे दोष तयार होतात.

गोदाकाठच्या गल्ल्यांत अजून काही वाडे तग धरून आहेत. त्यांची आढी वाकली आहेत, कौलांवर शेवाळ चढले आहे आणि पावसाळ्यात त्यांतील एखादा ढासळल्याची बातमी आली की धोकादायक इमारतींच्या नोटिसा निघतात. त्या वाड्यांचे लाकूड जुने झाले, हे खरेच आहे. पण त्यांवर दरवर्षी चढणारा, फुटके कौल काढून चांगले बसविणारा आणि कुजलेला वासा वेळीच दाखवून देणारा माणूस यायचा थांबला, तेव्हाच त्यांचे मरण सुरू झाले होते. आज उभ्या राहणाऱ्या स्लॅबच्या शहराचीही गोष्ट याहून निराळी होणार नाही. मृगाच्या तोंडावर नाक्यावर जाऊन कारागीर शोधणाऱ्या शहराला तो त्या दिवशी सापडायचा नाही. त्यासाठी चार वर्षे आधी एखाद्या पोराच्या हातात करवत द्यावी लागते, त्याला फळीवर नीट उभे करावे लागते आणि संध्याकाळी तो धडधाकट खाली उतरेल याची काळजी घ्यावी लागते.